वाऱ्याच्या भूमिकेत

छत्रपती संभाजीनगर
६ मार्च २०२५

प्रिय सुदर्शन,

सप्रेम जय भीम.

तब्येत ठीक असेल. परवा मालिकेत तुला मरताना पाहिलं. छान मेलास. खोकला जरा जास्त झाला, पण शेवटी सुनेकडं जे बघितलंस ते आपल्या गुलमंडीच्या तालमीतल्या सुदर्शनचं बघणं होतं. मी घरात एकटीनंच टाळी वाजवली.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलले नाही, राग मानू नकोस. कुकर लावला होता आणि धम्मा बाहेर गेला होता. तो बरा आहे. रिटायर झाल्यापासून गच्चीवरच्या कुंड्या हाच त्याचा कारखाना. मिरच्या, कढीपत्ता, एक लिंबाचं झाड. त्या लिंबाला फळ धरेना म्हणून त्याच्याशी त्याचं भांडण चालू असतं. सम्यक पुण्यात आहे, महिन्यातून एकदा येतो, आला की झोपतो. माझं म्हणशील तर गुडघे सोडून सगळं जागेवर आहे.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मला जुनं काही सांगता येत नाही. तू मध्येच ‘जाऊ दे गं’ म्हणतोस आणि माझं वाक्य अर्धं राहतं. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

तर बातमी अशी. मी ज्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं तिथली मुलं आपलं नाटक बसवतायत. संहिता मीच दिली. तुझ्या अक्षरातली, कडेला आपल्या नायिकेच्या, मेघाच्या चहाचे डाग असलेली. मेघा करायची ती भूमिका आता सोनिया नावाची मुलगी करतेय. बाप वाळूजला कंपनीत, मुलगी बसनं येते, आवाज खणखणीत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रयोग आहे आणि लेखक-दिग्दर्शक म्हणून तू समोर बसावंस अशी मुलांची फार इच्छा आहे. रविवारी हेच सांगायचं होतं.

पहिल्याच दिवशी सोनिया म्हणाली, “मॅडम, वादळाचा साउंड डाउनलोड केलाय. एकदम भारी आहे.”

मी म्हटलं, “या नाटकात वादळ नाही.”

तिला पटेना. “पण मूळ इंग्रजी कादंबरीत तर पानोपानी वादळ आहे. मी नेटवर सारांश वाचला.”

मला हसू आलं. सुदर्शन, तुला आठवतं का, ‘कादंबरीतील निसर्गाचे स्थान’ हा प्रश्न एम.ए.ला हमखास यायचा? तू आणि मी एकाच गाईडमधून पाठ केला होता. बाहेरचं वादळ म्हणजे नायकाच्या मनातली खळबळ. धुकं म्हणजे घरातलं गुपित. थंडी म्हणजे आटलेली माया. तुला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त पडले म्हणून मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते. पुढं तूच त्या कादंबरीचं नाटक लिहिलंस. माळावरचं एकटं घर, तिथं लग्न होऊन आलेली मुलगी, आणि तिच्याशी खरं न बोलणारी घरची माणसं. घर इंग्लंडातून उचलून मराठवाड्याच्या माळावर आणून ठेवलंस, आणि तिथंच आपलं गाईड संपलं.

धम्मा तेव्हा आपला कुणीच नव्हता. वाळूजला प्रेस शॉपमध्ये फिटर, अजून कायम न झालेला. कापडाच्या दुकानावरच्या त्या माडीत पंखा दुरुस्त करायला आला आणि तालीम बघत बसला. तू म्हणत होतास, “इथं सोसाट्याचा वारा हवाय,” आणि तो शिडीवरून म्हणाला, “मी करून देतो की.” आठवड्यात त्यानं लाकडी पट्ट्यांचं पिंप आणलं, वरून तिरपाल ताणलं, दांडा फिरवला की हूऽऽ करून वारा उठायचा. ते तिरपाल घ्यायला आपण शहागंजला गेलो होतो. हा पठ्ठ्या प्रत्येक तिरपालावर नख ओढायचा आणि कान लावायचा. शेवटी दुकानदार वैतागला, “मियाँ, तिरपाल देख के लेते, सुन के नक्को!” तू रस्त्यात बसून हसला होतास.

आणि वाळूजचा तो पहिला प्रयोग! दुसऱ्या अंकात मेघा दाराशी जाते. प्रेक्षकांनी भीतीनं गोठून जायचं, अशी आपली अपेक्षा. विंगेत धम्मानं पत्रा कडाडून हलवला, सुपात ज्वारी सरसरवली, पिंप फिरवलं, आणि समोरचे कामगार शिट्ट्या मारायला लागले. “येऊ दे! येऊ दे!” एक म्हातारा तर उठून हात जोडून उभा राहिला. पाऊस दडी मारून बसलेलं वर्ष होतं ते, गावोगाव टँकर चालू. आपल्या भयाण वादळाला लोकांनी अशी टाळी दिली की मेघाला पुढचं वाक्यच सुचेना.

दुसऱ्या दिवशी माडीत सगळे सुतकी चेहऱ्यानं बसलेले. तू धम्माला म्हणालास, पत्रा कमी वाजव. तो म्हणाला, कमी वाजवला तरी पाऊस तो पाऊसच. तेव्हा मेघा बोलली. ती गंगापूरकडची, शेतकऱ्याची मुलगी, एरवी तालमीत तोंड उघडायची नाही.

“मला तरी कुठं भीती वाटते त्या सीनला? आमच्याकडं ढग वाजला की माय अंगणात येऊन उभी ऱ्हाते. मी घाबरायचं नाटक करते, पण आतून लई बरं वाटतं.”

“मग तुला भीती कधी वाटते?” तू विचारलंस.

“दुपारी,” ती म्हणाली. “माय-बाप रानात गेलेले. मी एकली घरात. बाहेर सगळं पांढरं झालेलं. वारा वाहतो तवर ठीक. एकदम थांबला ना, की दाराला हात लावायची हिंमत होत नाय.”

आपण चौघं दुसऱ्याच दिवशी भर दुपारी लेण्यांच्या मागच्या डोंगरावर गेलो. आपलं तारुण्य म्हटलं की मला ती दुपारच आठवते. खाली मकबऱ्याचे मिनार उन्हात पाण्यासारखे हलत होते. पायाखाली कुसळी गवत करकरत होतं. तू डोक्याला टॉवेल गुंडाळला होतास आणि मेघा तुला भूत म्हणत होती. धम्मा एका बाभळीखाली डोळे मिटून बसला आणि बोट वर करून आपल्याला गप्प केलं. वाळलेल्या शेंगा हलत होत्या, गवतातून वारा फुसफुसत येत होता, लांब कुठंतरी एक पत्रा तापून टणकन वाजला. मग सगळं थांबलं. खरंच थांबलं. चार माणसं होतो, तरी मी मेघाचा हात धरला. परीक्षेत मी पाठ केलेलं उत्तर लिहिलं होतं. त्या दिवशी मला प्रश्न कळला. घरातली माणसं एकमेकांना जे सांगत नाहीत ते बाहेरच्या रानाला ठाऊक असतं, आणि रान बोलायचं थांबलं की घरातल्या माणसाला आपलंच ऐकू यायला लागतं.

मग तू वादळ काढून टाकलंस आणि दुसरा अंक दुपारचा केलास. पात्रपरिचयात सगळ्यात शेवटी तुझी घोषणा असायची, “आणि वाऱ्याच्या भूमिकेत, धम्मपाल.” लोक हसायचे. दुसऱ्या अंकानंतर कुणी हसत नसे.

पुरे. हात दुखायला लागला. प्रयोगाला नक्की ये. उतरायला आमच्याकडंच. धम्मा नमस्कार सांगतो.

तुझी,
सुलेखा

*

छत्रपती संभाजीनगर
२९ मार्च २०२५

प्रिय सुदर्शन,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या.

तू लिहिलंस, “रविवारी फोनवर मागं धम्माचा आवाज येत होता. ‘कुणाचा फोन आहे?’ असं तो विचारत होता. म्हणजे तो घरातच होता आणि तू नाही म्हणालीस. म्हणजे त्याला माझ्याशी अजून बोलायचं नाही. त्यानं स्वतः ये म्हटलं तर येईन, नाहीतर नको, या वयात मला त्याच्यासमोर पुन्हा मान खाली घालून उभं राहायचं नाही.”

तुझं बरोबर आहे. तो घरात होता. माझ्याशेजारच्या खुर्चीत होता. आणि तो फोनवर येत नाही त्याचं कारण तू समजतोस ते नाही.

सुदर्शन, त्याला ऐकू येत नाही. अजिबात नाही. डावा कान कधीच गेला, उजव्यात दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत थोडं उरलं होतं, आता तेही नाही. प्रेस शॉपमधली सगळी नोकरी, दिवसभर ते पत्रे ठोकणारे दणके. आमच्या घरात हे कुणी तोंडानं बोलत नाही. तो म्हणतो ‘गोंगाट आहे’. तो म्हणतो ‘तू तोंडातल्या तोंडात बोलतेस’. सम्यकनं चांगलं यंत्र आणून दिलं, ते कपाटात आहे. त्याची माय, मनकर्णाबाई, अखेरच्या दिवसांत त्याला हाका मारायची, आणि तो पाठमोरा बसलेला असायचा. मी पळत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावायची. बाहेरच्यांना मी सांगते, बाहेर गेलाय, झोपलाय, कामात आहे. तुलाही तेच सांगितलं. सवय झाली.

हे इतकंच लिहून थांबणार होते. पण मागच्या शनिवारी जे झालं त्यानंतर थांबता येत नाही.

शनिवारी दुपारी तालीम होती. धम्मा मला स्कूटरवर सोडायला आला आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं म्हणून आत येऊन पहिल्या रांगेत बसला. मुलांनी वादळ सोडलं होतं, माझ्या सांगण्यावरून झळांचा वारा शोधला होता, मोबाइलवरून स्पीकरवर लावत होती. तोच सीन चालू होता. सोनिया चालत दाराशी आली. तिनं कडीवर हात ठेवला. वारा थांबायला हवा होता. स्पीकरजवळचा मुलगा संहितेत कुठंतरी हरवला होता, वारा चालूच राहिला. सोनिया बिचारी हात तसाच ठेवून उभी राहिली. ओढावी की थांबावं ते तिला कळेना.

धम्माला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तो फक्त तिचा हात बघत होता. आणि एकदम उठून बाहेर गेला.

मी मागं गेले. तो कॉलेजच्या पायरीवर बसला होता, कडुलिंबाच्या सावलीत. मी समोर जाऊन उभी राहिले, म्हणजे त्याला माझे ओठ दिसतील. “काय झालं?”

“मेघाचा हात असाच थांबला होता,” तो म्हणाला.

मला लगेच कळलं नाही. मग आठवलं. आपली नाट्यस्पर्धेची विभागीय फेरी. मी दुसऱ्या विंगेत संहिता घेऊन उभी होते. मेघानं कडीवर हात ठेवला आणि वारा थांबलाच नाही. हूऽऽ हूऽऽ चालूच. तिचा हात कडीवर तसाच, आणि ती माझ्याकडं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. आपण सगळ्यांनी समजलं, धम्मा रंगात आला. नंतर मेघानं हात कसा अडकला ते करून दाखवलं आणि आपण त्याची चेष्टाही केली. काळ्या पडद्यामागं पिंप ठेवलेलं, तिथून त्याला दार दिसत नव्हतं. एरवी तो मेघाचा हात बघून थांबायचा, तिथं तिच्या वाक्यावर थांबायचं होतं. वाक्य त्याला ऐकू आलं नव्हतं.

पायरीवर बसून त्यानं मला जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते.

“प्रयोग संपला. मी पिंप आवरत होतो. सुदर्शननं मला मागून हाक मारली असंल. किती मारल्या मला म्हाईत नाय. मग तो माझ्या समोर येऊन उभा राहिला. काहीच बोलला नाय. नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी समजलो, याला कळलं.”

“मग?”

“मग काय. माझी कायम व्हायची तपासणी बाकी होती. नाटकातली अर्धी पोरं माझ्याच कंपनीत. एकाला कळलं असतं तर उद्या सगळ्या शॉपला कळलं असतं. बहिऱ्या फिटरला कोण कायम करतंय? सुदर्शन मुंबईला गेला अन् वादळाची टेप घेऊन आला. सगळ्यांसमोर म्हणाला, मुंबईच्या परीक्षकांना आपली दुपार कळायची नाय, वादळच लावू. मला तवाच कळलं, हा खोटं बोलतोय. टेप लावली की मला वाक्य ऐकायची गरजच ऱ्हात नव्हती. दुपार त्याला पोटच्या लेकरासारखी होती.”

सुदर्शन, मुंबईतल्या अंतिम फेरीचा तो दिवस मला आजवर एकाच बाजूनं दिसत होता. नाट्यगृहाच्या मागच्या अंगणात धम्मा तुला काय काय बोलला ते मी इथं लिहीत नाही, तुझ्या कानांत असेल. ‘आम्ही बनवायचं आणि तुम्ही मिरवायचं, तुमच्या लोकांची हीच रीत,’ हेही तो म्हणाला. तू भिंतीला टेकून उभा होतास. एक शब्द बोलला नाहीस. मेघा रडत होती. आपल्याला दुसरं बक्षीस मिळालं आणि परतीच्या गाडीत तू नव्हतास.

ते वाक्य आमच्या वस्तीत फिरलं. मीही त्यावर विश्वास ठेवला. आमच्या वाट्याला असं काही आलेलं नसतं तर कदाचित मी तुला विचारलं असतं, पुरावा मागितला असता. पण असं घडतं हे आम्हाला इतकं ठाऊक होतं की आणखी एकदा घडलं यात नवल वाटलं नाही. पुढच्या वर्षी माझं धम्माशी लग्न झालं. तुला पत्रिका पाठवायची का, असं मी विचारलं. तो उठून गेला. मी समजले, जखम खोल आहे.

मी पायरीवर त्याला विचारलं, “तुला तेव्हापासून माहीत होतं?”

“व्हय.”

“आणि इतकी वर्षं तू त्याला दगाबाज म्हणत राहिलास? माझ्यासमोर? सम्यकसमोर?”

तो त्या कडुलिंबाकडं बघत होता. वारा होता, पानं हलत होती. वारा त्याला आता असा दिसतोच फक्त. मग म्हणाला, “राग धरून बसलो म्हणजे खरं बोलावं लागत नव्हतं. त्यानं मला सगळ्यांसमोर बहिरा म्हटलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. त्यानं झाकलं. मी शिव्या देत होतो अन् तो झाकत होता. त्याच्यासमोर कोणतं तोंड घेऊन जायचं? अन् त्याच झाकण्यावर मी कायम झालो. घर झालं. सम्यक शिकला.”

मी मान वळवून पाहिलं. दारात सगळी मुलं उभी होती. सुदर्शन, तो हळू बोलतोय असं त्याला वाटत होतं. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याला तो मोजता येत नाही. इतकी वर्षं माझ्यापासूनही झाकून ठेवलेलं त्यानं कॉलेजच्या आवारात, पार फाटकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं होतं.

त्याच्या लक्षात आलं तसा त्याचा चेहरा पडला. तो उठायला लागला. मला वाटलं आता हा कायमचा गेला. सोनिया पुढं आली. तिनं मोबाइल मागं कुणाच्या तरी हातात दिला, दोन पायऱ्या उतरली, त्याच्या समोर उकिडवी बसली आणि हळूहळू, ओठ नीट हलवत विचारलं,

“काका, मी कडी कधी ओढू? वारा थांबल्यावर ना?”

तो तिच्याकडं बघत राहिला. तिनं पुन्हा विचारलं.

“नाय,” तो म्हणाला. “तू वाऱ्याची वाट बघू नको. तू हात ठेव. तुझा हात बघून वारा थांबतो. तो तुलाच बघत असतोय ना इतका वेळ.”

सोनियानं मान डोलावली आणि तिथंच बसल्या-बसल्या हवेत कडीवर हात ठेवून दाखवला. ‘असा?’ असं तोंडानं विचारलं नाही, नुसत्या भुवया उडवल्या. धम्मानं हात वर केला आणि मूठ मिटली. असा.

मग तो आत आला. स्पीकरजवळच्या मुलाला त्यानं समोर बसवलं आणि स्वतः रंगमंचाच्या कडेला, जिथून दार दिसतं तिथं, स्टूल टाकून बसला. सोनियानं हात ठेवला. धम्मानं मूठ मिटली. मुलानं वारा बंद केला. पंखे चालू होते तरी सभागृहात इतकी शांतता झाली की मागच्या बाकावरची एक मुलगी उगाच उठून आमच्या जवळ येऊन बसली. मी मेघाला तेव्हाच फोन करणार होते, पण तिच्याशी बोलायच्या आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं.

घरी येताना स्कूटरवर मी मागं बसले होते. तिथं तर मला त्याच्याशी बोलताच येत नाही, ओठ दिसत नाहीत. सगळ्या रस्ताभर मी त्याच्या पाठीशी बोलत होते. ‘मला का नाही सांगितलंस, मला का नाही सांगितलंस.’ त्याला कळलं नाही ते बरंच झालं. तुलाही मला तेच विचारायचं आहे. तू मला तरी सांगायचं होतंस. पण आता विचार करून बघितलं तर वाटतं, तू सांगितलं असतंस तर मी ते पोटात ठेवलं नसतं. मी तेव्हा तरुण होते, धम्मा मला आवडायला लागला होता, मी त्याला डॉक्टरांकडं ओढत नेलं असतं आणि चार लोकांत झालं असतं. तू मला ओळखत होतास.

मधल्या वर्षांत तू दोनदा शहरात येऊन गेलास हे मला आपलं फोनवर पुन्हा बोलणं सुरू झाल्यावर कळलं. एकदा म्हणे गुलमंडीवर त्या दुकानाखाली उभा राहून वर बघत होतास. माडी आता राहिलेली नाही, तिथं मोबाइलचं दुकान आहे. त्या दिवशी आम्ही तिथून दहा मिनिटांवर होतो, सुदर्शन. आम्ही चहा पीत बसलो असू.

तुला एक गोष्ट सांगून टाकते. तुझ्या मालिका मी चोरून बघत होते असं मला वाटायचं. जुन्या सवयीनं आवाज बंद करून, तो गच्चीवर असताना. शनिवारी त्यानं सांगितलं, “तू दुपारी बघतेस ती मालिका मी गच्चीच्या जिन्यावरून खिडकीतून बघतो. आवाज बंद असला काय अन् चालू असला काय, मला तो बोलतोय ते समजतं. सुदर्शनचे ओठ मला पाठ आहेत.”

मरतानाही पाहिलं त्यानं तुला. मग लिंबाला पाणी घालत बसला, एकाच कुंडीत, पाणी खाली गळायला लागलं तरी.

तू लिहिलंस, त्याच्यासमोर पुन्हा मान खाली घालून उभं राहायचं नाही. मान कुणी खाली घालायची हे आता तुम्ही दोघं ठरवा. मी दोघांनाही ओळखते, तुम्ही दोघंही घालाल आणि मग मलाच चहा टाकावा लागेल. पण ये. प्रयोगाच्या चार दिवस आधी ये. मुलांना तुझ्याकडून दुसरा अंक शिकायचाय आणि मला तुम्हा दोघांना एका खोलीत बघायचंय. आपली वयं अशी आहेत की पुढच्या वर्षी बघू, असं म्हणण्यात अर्थ नाही.

हे पत्र मी त्याला वाचायला दिलं. टेबलावर ठेवून आत गेले. तो किती वेळ वाचत होता ते बघितलं नाही. बाहेर आले तेव्हा पेन मागितलं. खालच्या ओळी त्याच्या आहेत. मी एक अक्षरही बदललेलं नाही.

तुझी मैत्रीण,
सुलेखा

सुदर्शन,

सुलेखानं लिहिलं ते वाचलं. बरोबर आहे सगळं. एक तिला म्हाईत नाय ते मी लिहितो. त्या दिवशी मुंबईत तुझ्या लोकांवर बोललो. ते तुझ्यावर नव्हतं, माझ्यावर होतं. तुला लागलं असंल. मला माफ कर.

टेप चांगली होती. मला नीट ऐकू आली नाय पण समोर लोकांची तोंडं बघितली, घाबरले होते. तरी आपली दुपार जास्त चांगली होती. तुलापण म्हाईत आहे.

पोरगी चांगलं करते. मेघासारखी नाय, तिची तिची करते. तू येऊन बघ. आधी घरी ये, मग कॉलेजात जाऊ.

घर सापडंल. गच्चीवर कुंड्या दिसतील. आल्यावर बेल वाजवू नको, हाक मारू नको. मला ऐकू येत नाय. दुपारचं दार लोटलेलंच असतं. ढकल अन् सरळ आत येऊन माझ्या समोर उभा ऱ्हा.

धम्मपाल